रिकाम्याचं भाडं कोण देणार?



आपल्यापैकी निम्मे लोक या ना त्या रूपात माल हलवण्याच्या धंद्यात आहेत. कुणी पोर्टवर, कुणी फ्रेट फॉरवर्डरकडे, कुणी साइटवर मटेरियल सांभाळायला. त्यामुळे विषय घरचाच आहे. जरा लांबलाय, तेव्हा जुम्म्याच्या सुट्टीत चहा घेऊन निवांत वाचा.

मी दम्मामला एका गोदामात काम करतो. गोदामाच्या मागच्या बाजूला मोडक्या पॅलेटचा ढीग असतो. दर गुरुवारी दुपारी पेशावरकडचा एक खान पिकअप घेऊन येतो. धड पॅलेटचे थोडे रियाल देतो, मोडकी फुकट नेतो. खिळे उपटून, दोन मोडक्यांतून एक धड करून परत विकतो. पण तो फक्त लाकूड नेतो. बाकीचं, म्हणजे पुठ्ठा, गुंडाळलेलं प्लॅस्टिक, थर्माकोल, पट्ट्या, बरंचसं कचऱ्याच्या स्किपमध्ये जातं आणि तिथून वाळवंटातल्या खड्ड्यात.

गेल्या वर्षी मी मीटिंगमध्ये एक प्रस्ताव ठेवला. आमच्याकडून खोबर आणि कतीफच्या दुकानांना रोज माल जातो, तो खोक्यांऐवजी प्लॅस्टिकच्या क्रेटमधून पाठवू आणि क्रेट परत आणू. आकडे मांडले, तक्ता केला, दोन रात्री जागलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "रिकाम्याचं भाडं कोण देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आलो तरी प्रश्न डोक्यातून जाईना. मग जुनं वाचायला लागलो, तेव्हा कळलं की हा प्रश्न आमच्या साहेबांचा नाहीच. दीडशे वर्षांत माल हलवणाऱ्या प्रत्येकाने तो विचारलाय, आणि प्रत्येक वेळी उत्तर निराळं निघालंय.

सुरुवात रॉकेलच्या डब्यापासून करू. आपल्या आजीच्या घरी तो होताच. आंघोळीचं पाणी तापवायला, धान्य ठेवायला, तुळस लावायला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून पूर्वेकडे रॉकेल यायचं ते लाकडी पेटीतून. एका पेटीत पत्र्याचे दोन डबे, प्रत्येकी पाच अमेरिकन गॅलनचे, म्हणजे आपले साधारण एकोणीस लिटर. डबा परत न्यायचा प्रश्नच नव्हता. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून रिकामा डबा कोण नेणार?

मग लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युअल पुढे आले. डब्यांचं वजन आणि जागा वाचवायची, तर तेल सुटंच जहाजात भरावं. त्यांचं 'म्युरेक्स' हे टँकर जहाज काळ्या समुद्रावरच्या बातूमहून रॉकेल भरून ऑगस्ट १८९२ मध्ये सुएझ कालव्यातून पार झालं. तेलाच्या टँकरला कालव्यातून सोडण्याची ही पहिलीच वेळ. ते तांबड्या समुद्रातून, म्हणजे जेद्दाहच्या समोरूनच, पूर्वेकडे गेलं. सॅम्युअल यांचा धंदा पुढे 'शेल' म्हणून ओळखला गेला.

हिशेब अगदी चोख होता, पण बाजाराने तो उधळला. लोक आपापली भांडी घेऊन येतील आणि सुटं तेल नेतील अशी सॅम्युअल यांची अटकळ होती. गिऱ्हाईक येईना! कारण लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता. स्टँडर्ड ऑइलच्या निळ्या डब्याचा पत्रा पूर्वेकडे घरोघर उपयोगी पडत होता, त्याचं छप्पर व्हायचं, भांडी व्हायची, गाळणी व्हायची. शेवटी सॅम्युअल यांनी पत्रा पाठवून पूर्वेकडेच डबे बनवून घेतले आणि त्यांना लाल रंग दिला. थोड्याच दिवसांत निळ्या पत्र्याशेजारी लाल पत्रा दिसू लागला.

गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या मुंबईत गरीब कामगारांच्या झोपड्या रॉकेलचे डबे ठोकून सपाट केलेल्या पत्र्यांच्या असत. आणि इथे? अरबीत डब्याला 'तनका' म्हणतात. जेद्दाहमध्ये उस्मानी काळात समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र बसलं, त्याला लोक 'कंदासा' म्हणायचे, कंडेन्सरवरून. तिथलं पाणी घरोघर जायचं ते खांद्यावरच्या दांडीला लटकवलेल्या दोन तनक्यांतून. पॅकिंग तेलाचं, पुढचं आयुष्य पाण्याचं. 'रिसायकलिंग' हा शब्द तेव्हा कुणी ऐकला नव्हता.

सॅम्युअल यांनी आणखी एक गोष्ट केली, ती आपल्या कामाची आहे. तेल उतरवून टँकर रिकामा परत आणणं त्यांना परवडत नव्हतं. म्हणून टाक्या वाफेने इतक्या स्वच्छ धुवायची सोय केली की परतताना त्यात पूर्वेकडचा माल, अगदी खाण्याचे पदार्थसुद्धा भरता यावेत. रिकाम्याचं भाडं कोण देणार, याचं हे पहिलं उत्तर: परतीचा माल शोधा.

दुसरं उत्तर आपल्या बाजारपेठांत होतं. माझे मामा बार्शीला आडतीवर होते. लहानपणी सुट्टीत गेलो की गोण्यांच्या थप्पीवर लोळायचो. तिथे शब्द होता 'बारदान'. ज्यात माल भरतात ते सगळं बारदान. पोतं एकदा वापरून फेकलं असं कधीच होत नसे. ज्वारी उतरली की पोतं झटकायचं, उलटं करायचं, फाटलं असेल तर दाभण आणि सुतळीने शिवायचं, ठिगळ लावायचं. नवं, एकदा वापरलेलं, शिवलेलं, प्रत्येकाचा भाव वेगळा. फक्त जुन्या बारदानाचाच व्यापार करणारी माणसं होती. पोतं अगदीच गेलं की गोणपाट म्हणून दारात पाय पुसायला, नाहीतर पावसाळ्यात डोक्यावर घ्यायला.

बंगालमध्ये हुगळीकाठी रिश्रा इथे १८५५ मध्ये तागाची पहिली गिरणी निघाली आणि पुढे जगभरचं धान्य, कापूस, कॉफी या पोत्यांतून फिरली. १९८७ मध्ये भारत सरकारने कायदाच केला की ठरावीक माल तागाच्याच पॅकिंगमध्ये भरायचा. आजही बारदान म्हणजे किरकोळ गोष्ट नाही. २०२४-२५ च्या हंगामात महाराष्ट्रात हमीभावाची सोयाबीन खरेदी ठिकठिकाणी अडली, ती बारदाना नव्हता म्हणून. सोयाबीन होतं, गिऱ्हाईक होतं, पोतं नव्हतं!

पण मामांच्या आडतीवर रिकाम्याचं भाडं कोण देत होतं, हे मला फार उशिरा कळलं. बरंचसं शेतकरी देत होता. वजन करताना पोत्याचं वजन वजा व्हायचं, आणि ते नेहमी पोत्याच्या खऱ्या वजनाइतकंच असायचं असं नाही. आणि उरलेलं हमालाची पाठ देत होती, कारण पोतं शंभर किलोचं. ते पन्नास किलोवर यावं म्हणून बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. माथाडी कामगारांचा कायदा महाराष्ट्रात १९६९ साली झाला. तेव्हा 'पूर्वी सगळं कसं छान परत वापरलं जायचं' असं म्हणताना मी हल्ली जरा थांबतो. वाया काही जात नव्हतं हे खरं, पण कुणाच्या तरी जिवावर.

आता आपल्या खोक्यांच्या युगाकडे येऊ. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नुअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल हाताने चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत, मॅकलीन यांच्या पद्धतीत १६ सेंट, असं सांगतात. पुढचा इतिहास आपण रोज जगतोच.

सौदीला हा धडा फार महागात मिळाला. १९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि देशभर बांधकाम सुरू झालं. १९७५-७६ मध्ये जेद्दाहसमोर जहाजांची रांग लागली, महिनोन्महिने नंबर येत नव्हता. सिमेंटची पोती हेलिकॉप्टरने उचलून किनाऱ्यावर आणायची वेळ आली! इथल्या जुन्या लोकांकडून ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. १९७६ मध्ये बंदरांसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं, धक्के वाढवले, क्रेन आणल्या आणि कंटेनर आले. १९५१ मध्ये सुरू झालेल्या दम्माम-रियाध रेल्वेवरून पुढे कंटेनर थेट रियाधच्या ड्राय पोर्टला जायला लागले. प्रत्येक कंटेनर-गाडी म्हणजे हायवेवरचे तितके ट्रेलर कमी, हेही पर्यावरणाचंच काम झालं, जरी तेव्हा तो हेतू नव्हता.

आता गंमत बघा. कंटेनर स्वतः परत येणारं बारदान आहे, वर्षानुवर्षं फिरतं. पण त्याच्या पोटातलं सगळं एकदाच वापरायचं झालं. हमाली वाचली, चोरी कमी झाली, फूटतूट कमी झाली, आणि त्याच्या बदल्यात पुठ्ठा, फिल्म आणि थर्माकोलचा डोंगर आला. पॅलेटचंही तसंच. युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी १९६१ मध्ये करार करून ८०० बाय १२०० मिलिमीटरचं एकच माप ठरवलं: भरलेलं पॅलेट द्या, तितकीच रिकामी घ्या. ती पद्धत आजही चालू आहे. इथे मात्र चीन, भारत, तुर्कस्तान, ब्राझील, जिथून माल येईल तिथलं पॅलेट. माप वेगळं, मजबुती वेगळी, परत कुणाला द्यायचं? म्हणून तो खान.

त्या पॅलेटवरचा शिक्का कधी नीट पाहिलाय? लाकडातून कीड देशोदेशी जाऊ नये म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला. लाकूड तापवा, नाहीतर मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्या, आणि तसा शिक्का मारा. आता मिथाइल ब्रोमाइड हा ओझोनचा थर खाणारा वायू. १९८७ च्या माँट्रियल करारातून पुढे त्याचा शेतीतला वापर बंद करत आणला, पण मालाच्या धुरीला सूट राहिली. एका देशाचं जंगल वाचवायला सगळ्यांच्या डोक्यावरचं छत्र विरळ करायचं. तापवलेलं लाकूड घेतलं तर हे टळतं. आमच्याकडे खरेदीच्या अटींत आता तेवढी एक ओळ घातलीय, आणि ती घालायला काही खर्च आला नाही.

रिकामेपणालाही वजन असतं. रास तनुराहून कच्चं तेल घेऊन टँकर मुंबईच्या जवाहर द्वीपला जातो. येताना रिकामा समुद्रात डगमगेल, म्हणून त्यात समुद्राचं पाणी भरतात, आणि पाण्याबरोबर शिंपल्यांची पिल्लं, शेवाळ, जंतू असं सगळं येतं. मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत मूळची मध्य अमेरिकेकडची एक शिंपली मुक्कामाला आलीय, ती जहाजांबरोबरच आली असं शास्त्रज्ञ मानतात. या पाण्याबद्दलचा करार २००४ मध्ये झाला, पण लागू व्हायला सप्टेंबर २०१७ उजाडला. तेरा वर्षं! प्रश्न तोच, पाणी शुद्ध करायच्या यंत्राचे पैसे कोण देणार?

रिकाम्या भाड्यातून श्रीमंत झालेलंही कुणी आहे. चीनचा माल अमेरिकेत उतरला की कंटेनर रिकामे परत जायचे, भाडं अगदी स्वस्त. १९९० च्या सुमारास झांग यिन नावाच्या बाईंनी त्यात अमेरिकेतली रद्दी भरून चीनला न्यायला सुरुवात केली. तिकडे तिची खोकी व्हायची, खोक्यांत माल भरून परत अमेरिकेला. २००६ मध्ये त्या चीनमधल्या सर्वांत श्रीमंत व्यक्ती म्हणून यादीत आल्या. सॅम्युअल यांचीच युक्ती, परतीचा माल शोधा. फरक एवढाच की इथे परतीचा माल म्हणजे कचरा होता.

आणि कचऱ्यात नेहमी थोडी घाण मिसळलेली असते. रद्दीबरोबर, प्लॅस्टिकबरोबर न धुतलेलं, न विकलं जाणारं बरंच काही जायला लागलं. १९८९ च्या बाझल कराराने धोकादायक कचऱ्यावर बंधनं आणली होती, पण साधं प्लॅस्टिक त्यातून सुटलं होतं. शेवटी १ जानेवारी २०१८ पासून चीननेच दार लावलं. २०१९ मध्ये भारतानेही प्लॅस्टिक कचऱ्याची आयात बंद केली. बाझल करारात प्लॅस्टिकची दुरुस्ती २०२१ च्या सुरुवातीपासून लागू झाली. म्हणजे 'भरा कंटेनरमध्ये आणि द्या पाठवून' हे उत्तर आता संपलं. आपला कचरा आपल्यालाच बघायचा आहे. सौदीत २०१७ मध्ये सरकारी गुंतवणूक निधीने रिसायकलिंगसाठी वेगळी कंपनी काढली आणि २०१९ मध्ये कचरा व्यवस्थापनाचं राष्ट्रीय केंद्र झालं, त्याला ही पार्श्वभूमी आहे. जुबैलहून प्लॅस्टिकचे दाणे पंचवीस-पंचवीस किलोच्या पिशव्यांतून जगभर जातात आणि फिल्म, खोकं, पिशवी होऊन आपल्याच गोदामात परत येतात. पुढचा टप्पा कुणी हिशेबात धरलेला नव्हता, तो आता धरावा लागतोय.

पण कंपनी आणि केंद्र यांच्याही खाली कुणीतरी हाताने निवडणारा लागतोच. इथे रात्री कचरापेटीतून कॅन आणि पुठ्ठा वेगळा करणारी माणसं आपण बघतो आणि गाडीची काच वर करतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, त्यातही बाबा आढाव होते. पुढे कचरावेचक बायकांना महापालिकेची ओळखपत्रं मिळाली आणि २००८ च्या सुमारास 'स्वच्छ' या सहकारी संस्थेतून त्या घरोघरचा कचरा गोळा करायला लागल्या. मला यात एक धागा दिसतो. ज्या माणसाने भरलेलं पोतं उचलणाऱ्याला संघटित केलं, तोच रिकामं पोतं आणि फुटकी बाटली उचलणाऱ्या बाईच्या पाठीशी उभा राहिला. माल जाण्याचं काम आणि माल परत येण्याचं काम, दोन्ही कामंच आहेत, दोन्हींची मजुरी द्यायला हवी. आमच्या तक्त्यात पहिल्याचा रकाना होता, दुसऱ्याचा नव्हता.

तक्ता परत काढला. आणि मग मला मुंबईचा डबेवाला आठवला. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम. सगळं जग त्यांच्या वेळेच्या चोखपणाचं कौतुक करतं, पण रोज दुपारनंतर तोच डबा, त्याच खुणेवरून, रिकामा होऊन त्याच घरी परत जातो याबद्दल कुणी फार बोलत नाही. गिऱ्हाईक महिन्याचे पैसे देतं ते जाण्याचे आणि येण्याचे मिळून. रिकाम्याचं वेगळं भाडं नाहीच, कारण माणूस तसाही परत येणारच असतो.

इथेच माझं उत्तर होतं. आमचा ट्रक खोबरहून रिकामाच परत येतो. डिझेल जळतंच, ड्रायव्हरचा पगार चालूच असतो. रिकाम्याचं भाडं आपण आधीपासूनच देतोय, फक्त हवेचं देतोय! नवा खर्च तेवढाच: क्रेट धुणं, मोजणं आणि हरवलेल्यांची भरपाई. हरवण्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात उभा आहे, पाच गॅलनची पाण्याची बाटली. पहिल्यांदा अनामत द्यायची, मग रिकामी देऊन भरलेली घ्यायची.

साहेबांनी एका रस्त्यावर, तीन महिन्यांसाठी परवानगी दिली. दोनशे क्रेट घेतले. पहिल्या महिन्यात एकोणीस गायब. ड्रायव्हरला घेऊन स्वतः शोधायला गेलो. एका बकाल्याच्या दारात केरळचा दुकानदार आमच्याच क्रेटवर बसून चहा पीत होता. दुसऱ्यात पुदिना लावलेला. तिसरा उलटा घालून त्यावर पाण्याची बाटली ठेवलेली. आधी राग आला, मग हसू आलं. स्टँडर्ड ऑइलचा डबा आठवला. आता प्रत्येक क्रेटला अनामत लावलीय आणि दुसऱ्या महिन्यात चारच गेले. तिसरा महिना चालू आहे. पुढे साहेब काय ठरवतील ते अजून माहीत नाही.

एक गोष्ट मात्र केली. क्रेट धुणाऱ्या नेपाळी पोराच्या कामाला तक्त्यात वेगळा रकाना दिला, त्याच्या नावाने तास आणि पैसे लिहून. मामांच्या आडतीवर जे कुणी लिहिलं नव्हतं ते एवढं तरी लिहावं म्हटलं.

तुमच्यापैकी कुणी परत येणारी खोकी किंवा पॅलेट इथे चालवून पाहिली असतील, तर अनामत किती ठेवली आणि किती हरवली ते जरूर कळवा. रियाध आणि जेद्दाहकरांचा अनुभव वेगळा असणार. आणि बासमतीची रिकामी झालेली चेन-हँडलवाली पिशवी सुट्टीवर जाताना सामानाला कितव्यांदा वापरताय, तेही सांगा. आमची पाचवी खेप आहे.

असो. चुकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
दम्मामचा एक गोदामवाला